हृदयातील गाठी : परळच्या शवागारापासून उपनगरातल्या टूडी इकोपर्यंत

हृदयात गाठ होणे हा दुर्मिळ आजार आहे. शवविच्छेदनांच्या मोठ्या नोंदी तपासल्या असता, हृदयातच उगम पावलेल्या गाठींचे प्रमाण सुमारे 0.02 टक्के, म्हणजे साधारण 5,000 शवांमागे एक, असे आढळले आहे. फुप्फुस, स्तन, रक्त किंवा त्वचेच्या कर्करोगातून हृदयात पसरलेल्या दुय्यम गाठी मात्र याच्या 20 ते 40 पट अधिक दिसतात. संख्येने थोड्या असल्या तरी या गाठींना वैद्यकाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. त्यांतील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात आणि वेळेत काढल्या तर रोगी पूर्ण आयुष्य जगतो. वेळेत सापडल्या नाहीत, तर तीच निरुपद्रवी गाठ अर्धांगवायू किंवा अकस्मात मृत्यू घडवते. म्हणून या आजाराचा इतिहास हा मुख्यतः निदानाचा इतिहास आहे. मुंबईच्या उपनगरांपुरते बोलायचे, तर निदानाची जागा परळहून अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीपर्यंत कशी सरकली, हा त्या इतिहासाचा गाभा आहे.

गाठींचे प्रकार

हृदयात उगम पावणाऱ्या गाठींपैकी सुमारे तीन चतुर्थांश सौम्य असतात. प्रौढांमधील सौम्य गाठींत जवळजवळ निम्मा वाटा मिक्सोमा या गाठीचा. ती मऊ, बुळबुळीत असते आणि चारपैकी तीन वेळा डाव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या डावीकडच्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला चिकटून वाढते. अनेकदा ती देठाला लोंबणाऱ्या द्राक्षासारखी असते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर झडपेच्या तोंडाशी ये-जा करते. 30 ते 60 या वयात ती जास्त आढळते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. झडपेच्या पाकळीवर उगवणारी झुपकेदार फायब्रोइलास्टोमा ही दुसरी सौम्य गाठ. आकाराने ती लहान असली तरी तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकण्याचा धोका असतो.

लहान मुलांचे चित्र वेगळे आहे. त्यांच्यात ऱ्हॅब्डोमायोमा ही स्नायूंची गाठ सर्वाधिक दिसते आणि ती बहुतेकदा ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक विकाराशी निगडित असते. वाढत्या वयाबरोबर ती बहुधा आपोआप आकसते. त्यामुळे रक्ताच्या वाटेत अडथळा किंवा ठोक्यांची गंभीर अनियमितता नसेल, तर शस्त्रक्रिया न करता वाट पाहणे हाच उपचार ठरतो. घातक गाठींमध्ये सार्कोमा मुख्य. त्यातला अँजिओसार्कोमा उजव्या अलिंदात वाढतो आणि सापडेपर्यंत बहुधा फुप्फुसात पसरलेला असतो.

निदान मृत्यूनंतर

इटालियन शरीररचनाकार रेआल्दो कोलोंबो यांच्या 1559 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हृदयातील गाठीचा पहिला उल्लेख असल्याचे मानले जाते. ती खरोखर गाठ होती की गोठलेले रक्त, याबद्दल पुढच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यानंतर जवळजवळ 400 वर्षे हृदयातील गाठ ही फक्त शव उघडल्यावर दिसणारी वस्तू राहिली. 1945 मध्ये स्विस हृदयरोगतज्ज्ञ इव्हान महैम यांनी तोवरच्या सर्व नोंदी एका ग्रंथात एकत्र केल्या. तो संग्रहही प्रामुख्याने शवविच्छेदनांवरच उभा होता.

मुंबईत शरीररचनेच्या पद्धतशीर शिक्षणाची सुरुवात 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजने झाली. ग्रे यांच्या प्रसिद्ध शरीररचना ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर, तो ग्रंथ छापून आला त्याच वर्षी, 1858 मध्ये, मुंबईत येऊन या कॉलेजात शिकवू लागले. कॉलेज आणि त्याच्या शेजारचे जे. जे. रुग्णालय भायखळ्याला होते. 1926 मध्ये परळला केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी त्याच परिसरात टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. वसंत रामजी खानोलकर यांनी जी. एस. मेडिकल कॉलेजात आणि पुढे टाटा मेमोरियलमध्ये विकृतिशास्त्राची शिस्त रुजवली. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तिला नाव द्यायचे नाही, ही सवय मुंबईच्या वैद्यकाला लागली ती या पिढीमुळे.

उपनगरे त्या वेळी शहराच्या हद्दीबाहेर होती. विजेची लोकल 1928 मध्ये बोरिवलीपर्यंत पोचली, पण महापालिकेची हद्द अंधेरीपर्यंत यायला 1950 उजाडले, आणि दहिसर व मुलुंडपर्यंत जायला 1957. तोवर गुंतागुंतीच्या आजाराचा रोगी दादर किंवा परळला उतरून केईएम गाठत असे. तिथे स्टेथोस्कोप, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी एवढीच साधने होती. ती हृदयाचा आवाज, आकार आणि विजेचे स्पंदन दाखवत. आतल्या कप्प्यात काय लोंबते आहे, ते त्यांतले कोणतेही साधन दाखवू शकत नव्हते.

झडप, क्षय आणि फसवी लक्षणे

मिक्सोमा तीन प्रकारांनी त्रास देतो. गाठ झडपेच्या तोंडाशी अडकली की रक्त अडते आणि दम लागतो. तिचा तुकडा सुटला की तो मेंदू, पाय किंवा मूत्रपिंडाच्या धमनीत जाऊन अडकतो. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. गाठीतून स्रवणाऱ्या इंटरल्युकिन-6 या द्रव्यामुळे बारीक ताप येतो, वजन घटते, सांधे दुखतात, रक्त कमी होते आणि शरीरातील दाह दाखवणारा ईएसआर हा रक्ततपासणीतील आकडा वाढतो.

मुंबईच्या संदर्भात या तिन्ही लक्षणांना आधीच दुसरी उत्तरे तयार होती. तरुण स्त्रीला दम लागतो आणि डाव्या झडपेच्या जागी घरघर ऐकू येते, तर तो संधिवाताच्या तापाने आकसलेल्या झडपेचा आजार असणार. चाळीत, दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या मुलांमध्ये हा ताप सर्रास होता आणि त्याने बिघडलेल्या झडपांचे रोगी केईएम, नायर, सायनच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज येत. ताप, वजनात घट आणि वाढलेला ईएसआर असेल, तर प्रथम क्षयाचा विचार होणे स्वाभाविक होते. तरुण वयात अर्धांगवायू झाला तर तोही झडपेच्या आजारातून सुटलेल्या गुठळीमुळे झाला असे समजले जाई. हे तर्क बहुतेक वेळा बरोबरच ठरत. त्यामुळे, क्वचित येणारा गाठीचा रोगी त्या गर्दीत हरवून जाई.

कानाने निदान करू पाहणाऱ्यांसाठी काही खुणा होत्या. बसल्यावर दम लागणे आणि आडवे झाल्यावर बरे वाटणे, किंवा कूस बदलताच घरघर बदलणे, यांवरून लोंबत्या गाठीची शंका घेता येई. गाठ झडपेपाशी येऊन थबकते तेव्हा एक जाडसर आवाज होतो. झडप आकसलेल्या रोग्यातला उघडण्याचा आवाज त्याहून टोकदार असतो. हा फरक पाठ्यपुस्तकात स्पष्ट असला, तरी गजबजलेल्या ओपीडीत तो पकडणे अवघड होते.

चुकीच्या निदानाची किंमत शस्त्रक्रियेच्या टेबलावर मोजावी लागे. 1950च्या दशकात आकसलेली झडप बंद हृदयावर शस्त्रक्रिया करून मोकळी केली जाई. सर्जन डाव्या अलिंदात बोट घालून, केवळ स्पर्शाच्या आधाराने, चिकटलेल्या पाकळ्या सोडवी. जगभर अनेक मिक्सोमा या बोटालाच प्रथम लागले. झडपेऐवजी बुळबुळीत गोळा हाताला लागला, की गाठीचे तुकडे उडून मेंदूत जाण्याचा धोका तिथल्या तिथे निर्माण होई, आणि हृदय उघडण्याची सोय नसल्याने सर्जनला माघार घ्यावी लागे.

गाठ काढण्याचे तंत्र

जिवंत रोग्यात हृदयातील गाठ ओळखल्याची पहिली महत्त्वाची नोंद 1934 ची, अमेरिकेतली. बार्न्स, बीव्हर आणि स्नेल यांनी ईसीजी आणि लसीकाग्रंथीची बायोप्सी यांच्या आधारे सार्कोमाचे निदान केले. 1952 मध्ये न्यूयॉर्कच्या गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी रक्तवाहिनीतून रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेवर डाव्या अलिंदातील मिक्सोमा ओळखल्याचे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकी सर्जन हेन्री बान्सन यांनी उजव्या अलिंदातील गाठ काढली, पण रोगी काही आठवड्यांनी दगावला. अखेर 16 जुलै 1954 रोजी स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफोर्ड यांनी हार्ट-लंग मशीनच्या मदतीने डाव्या अलिंदातील मिक्सोमा काढला आणि रोगी स्त्री वाचली. हृदयातील गाठ पूर्ण बरी होऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मुंबईत ही क्षमता पुढच्या दशकात आली. केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी शरीर थंड करून हृदय काही मिनिटे उघडण्याची पद्धत वापरली. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला के. एन. दस्तूर यांनी हार्ट-लंग मशीनवरची शस्त्रक्रिया मुंबईत आणली. सेन यांच्यासोबत काम करणारे जी. बी. परुळकर यांनी केईएमचा हृदयशस्त्रक्रिया विभाग पुढे नेला. 16 फेब्रुवारी 1968 रोजी सेन यांच्या पथकाने केईएममध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रोगी काही तासांतच दगावला. तरीही हृदय थांबवून, उघडून, पुन्हा चालू करता येते, हे कौशल्य परळला स्थिरावल्याचे ते चिन्ह होते. मिक्सोमाला त्याहून अधिक काही लागत नाही. हृदय थांबवायचे, अलिंद उघडायचे, गाठ देठासह उचलायची आणि पडद्याला पडलेले भोक शिवायचे किंवा ठिगळ लावून बुजवायचे.

देठाबरोबर पडद्याचा भोवतालचा भागही काढावा, हा धडा जगाने उशिरा घेतला. 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे फ्रँक गेर्बोड आणि सहकाऱ्यांनी काढलेली गाठ पुन्हा उगवल्याची नोंद केली, आणि तेव्हापासून देठाच्या मुळाशी असलेली ऊती कापून घेण्याची पद्धत रूढ झाली.

आवाजाच्या लहरींचे चित्र

निदानाची खरी कोंडी फुटली ती श्राव्यातीत लहरींमुळे. 1953 मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेलमुथ हर्ट्झ यांनी या लहरींनी हृदयाची हालचाल टिपली, आणि 1959 मध्ये जर्मनीत एफर्ट आणि डोमानिग यांनी त्याच तंत्राने अलिंदातील गाठ ओळखली. सुरुवातीचा एम-मोड इको फक्त एका रेषेवरची हालचाल कागदावर उमटवी. झडपेमागे ढगासारख्या रेघांचा पुंजका दिसला की गाठीची शंका येई. पुढे द्विमितीय, म्हणजे टूडी, इको आला आणि हृदयाचे कप्पे, झडपा आणि लोंबणारी गाठ पडद्यावर हलताना दिसू लागली. अन्ननलिकेतून केल्या जाणाऱ्या इकोने देठ नेमका कुठे आहे हेही कळू लागले.

1980च्या दशकात ही यंत्रे मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत रुळली. आयात शुल्कामुळे त्यांची किंमत जबर होती. 1988 मध्ये केंद्र सरकारने सीमाशुल्काच्या 64 क्रमांकाच्या अधिसूचनेद्वारे रुग्णालयांना वैद्यकीय उपकरणे शुल्कमाफीने आणू दिली. बाह्यरुग्णांपैकी किमान 40 टक्क्यांना मोफत सेवा आणि 10 टक्के खाटा गरीब कुटुंबांसाठी राखीव, अशा तिच्या अटी होत्या. ही सवलत 1994 मध्ये मागे घेतली गेली. तोवर अर्थव्यवस्था खुली झाली होती आणि खासगी निदान केंद्रांचे युग सुरू झाले होते.

त्यानंतरच्या वर्षांत टूडी इको हा शब्द उपनगरी घरांत रक्तदाबाइतका सवयीचा झाला. शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी, विमा, गरोदरपण, छातीत धडधड, अशा कोणत्याही कारणाने फॅमिली डॉक्टर ती लिहून देऊ लागले. याचा गाठींच्या निदानावर मोठा परिणाम झाला. पूर्वी गाठ शोधण्यासाठी आधी तिची शंका यावी लागे. आता भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ती अवचित सापडू लागली, आणि तीही तुकडा सुटण्यापूर्वी. गर्भाच्या इकोमुळे ऱ्हॅब्डोमायोमा बाळ जन्माला येण्याआधीच दिसू लागला.

इकोलाही मर्यादा आहेत. गाठ आणि रक्ताची गुठळी यांत फरक करणे, गाठ हृदयाच्या भिंतीत किती खोल गेली आहे हे सांगणे, यासाठी सीटी आणि एमआरआय लागतात. ती घातक आहे का आणि शरीरात इतरत्र पसरली आहे का, हे पेट स्कॅन सांगतो. भारतातला पहिला पेट स्कॅनर 2002 मध्ये परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला. अंतिम शब्द मात्र आजही सूक्ष्मदर्शकाचा. केईएमच्या विकृतिशास्त्र विभागातील प्रदीप वैदेश्वर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये नेहमीपेक्षा वेगळ्या मिक्सोमांची तुलना 64 ठरावीक मिक्सोमांशी करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. इतक्या दुर्मिळ गाठीचे इतके नमुने एका सार्वजनिक रुग्णालयात जमा व्हावेत, यावरून परळकडे लागलेली रोग्यांची रीघ किती मोठी होती याची कल्पना येते.

शस्त्रक्रिया उपनगरात

निदान घाटकोपर-बोरिवलीला होऊ लागले, तरी शस्त्रक्रियेसाठी बराच काळ शहरात जावे लागे. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, जुहूचे कूपर ही महापालिकेची रुग्णालये उपनगरांचा मोठा भार वाहत. मोठ्या हृदयशस्त्रक्रियेसाठी मात्र रोगी केईएम, नायर किंवा सायनकडे पाठवला जाई. कूपरला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले ते 2015 मध्ये.

खासगी क्षेत्रात बदल लवकर झाला. हृदयशल्यविशारद नीतू मांडके यांनी अंधेरी पश्चिमेला चार बंगल्यापाशी मोठे रुग्णालय उभारण्याचा संकल्प सोडला होता. मे 2003 मध्ये त्यांचे हृदयविकाराने निधन झाले आणि अपुरा प्रकल्प पुढे अंबानी समूहाने पूर्ण केला. 2009 मध्ये सुरू झालेले कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय ते हेच. वांद्रे-कुर्ला संकुलात एशियन हार्ट इन्स्टिट्यूट 2002 मध्ये सुरू झाले होते. मुलुंडचे वोक्हार्ट रुग्णालय 2009 मध्ये फोर्टिसकडे गेले. तिथेच 3 ऑगस्ट 2015 रोजी अन्वय मुळे यांच्या पथकाने पुण्याहून आणलेल्या हृदयाचे प्रत्यारोपण केले. सेन यांच्या प्रयत्नानंतर 47 वर्षांनी मुंबईत झालेले ते पहिले हृदयप्रत्यारोपण होते, आणि ते परळला नव्हे तर उपनगरात झाले.

पैशाचा प्रश्न या बदलाबरोबर तीव्र झाला. राज्य सरकारची जीवनदायी आरोग्य योजना 1997 पासून गरीब कुटुंबांच्या हृदयशस्त्रक्रियांना मदत करत होती. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही होते. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांची मर्यादा पुढे 5 लाखांपर्यंत वाढली.

शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

मिक्सोमाचा दीर्घकालीन परिणाम हृदयशस्त्रक्रियेतील सर्वांत समाधानकारक परिणामांपैकी एक आहे. अनुभवी केंद्रांत शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण 5 टक्क्यांहून कमी असते, आणि त्यातून पार पडलेल्यांचे आयुर्मान त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसांइतकेच राहते. ताप, सांधेदुखी, वाढलेला ईएसआर ही लक्षणे गाठ निघताच ओसरतात. मागे राहू शकतात ती शस्त्रक्रियेपूर्वीच झालेली हानी आणि अलिंदाच्या ठोक्यांची अनियमितता. अर्धांगवायू झालेल्या रोग्याचा हात गाठ काढल्याने परत येत नाही. गाठीचे कण मेंदूच्या धमनीत रुजले तर तिथे काही काळाने फुगवटाही तयार होऊ शकतो. म्हणून परिणाम ठरतो तो मुख्यतः गाठ तुकडा सुटण्याआधी सापडली की नंतर, यावर.

गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण एकट्यादुकट्या मिक्सोमात 1 ते 3 टक्के आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे जे. एडन कार्नी यांनी 1985 मध्ये एका आनुवंशिक लक्षणसमूहाचे वर्णन केले. त्यात मिक्सोमा, त्वचेवर ठिपके आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विकार एकत्र येतात. अशा रोग्यांत गाठ पुन्हा होण्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास जाते. ती लहान वयात होते, एकाहून अधिक कप्प्यांत होते, आणि रोग्याच्या भावंडांची व मुलांचीही इकोने तपासणी करावी लागते. या कुटुंबांतील अनेकांत पीआरकेएआर1ए या जनुकातील बिघाड हेच मुख्य कारण असते, हे 2000 मध्ये स्पष्ट झाले.

सार्कोमाची कथा मात्र फारशी बदललेली नाही. शस्त्रक्रिया, किमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र करूनही बहुतेक रोग्यांचे आयुष्य महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत मोजले जाते. गाठ पूर्णपणे काढता आली तर काळ वाढतो, एवढेच. हृदयातील लिम्फोमा याला अपवाद आहे. तो किमोथेरपीला प्रतिसाद देतो आणि त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया टाळता येते. म्हणून, शंका असेल तेव्हा कापण्याआधी निदान पक्के करण्यावर भर दिला जातो.

मिक्सोमा पुन्हा झालाच तर तो बहुधा पहिल्या काही वर्षांत होतो, पण त्याहून बऱ्याच उशिराने झाल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दरवर्षी एक इको करावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. बरे वाटणारा रोगी दोन-तीन वर्षांनी फिरकत नाही. घर बदलते, डॉक्टर बदलतो, जुनी फाइल गहाळ होते. परळला शस्त्रक्रिया, घाटकोपरला इको आणि बोरिवलीला फॅमिली डॉक्टर, अशी विभागणी असलेल्या शहरात हा धागा सहज तुटतो. शस्त्रक्रियेचा अहवाल, विकृतिशास्त्राचा अहवाल आणि दरवर्षीच्या इकोच्या प्रती रोग्याने स्वतःजवळ जपणे, हाच त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.